कारागिराचा हात आणि आपली जकात

हात हेच कारागिराचे भांडवल. अमेरिकेत पक्षाघाताने सुमारे १५ वर्षे हातपाय लुळे पडलेल्या एका बाईने, मेंदूत बसवलेल्या सेन्सरच्या जोरावर, यांत्रिक हाताने बाटली उचलून कॉफी प्यायली. हे २०१२ साली जाहीर झाले. ते तंत्र अजून चाचणीत आहे. पण उरलेल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा कृत्रिम पंजा बाजारात मिळतो. अडचण किमतीची, सरावाची, दुरुस्तीची.

यंत्रात हात गमावलेल्या मजुराला आपण ईदला रेशन देऊन मोकळे होतो. आम्हा कापडवाल्यांचा नफा अशाच हातांनी विणला आहे. तो हकदार असेल, तर जमातीने जकातीतून त्याला हात घेऊन द्यावा, सराव व देखभालीचीही सोय करावी. रोजी सुरू झाली, तर इन्शाअल्लाह उद्या तोच जकात देईल.