माचाळची वाट

हातखंब्याच्या तिठ्यावर ज्यांनी आयुष्यभर व्यापार केला, त्यांना रस्त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. मुंबईचा, गोव्याचा आणि रत्नागिरीचा माल येथे एकत्र येतो आणि पालीवरून नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो. माझे एक स्नेही या परिसरातील घाऊक किराण्याचे व्यापारी आहेत. दुकान आजोबांच्या काळचे. महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाल्यापासून तिठ्याचे रूप पालटले. पूर्वी दारात थांबणाऱ्या गाड्या आता थांबत नाहीत.

२६ जानेवारीला जोडून सलग सुट्टी आली, तेव्हा त्यांनी आपण होऊन माचाळला जाण्याचा विषय काढला. वयाच्या पासष्टीला डोंगर चढण्याची हौस त्यांना एकाएकी कोठून आली, हे मला तेव्हा कळले नाही. घरात बोलता न येणारे काही मनात असावे, एवढा तर्क मात्र मी केला होता. बँकेतील छत्तीस वर्षांत अशी माणसे मी पुष्कळ पाहिली. ती केबिनमध्ये बसून कधीच मुद्द्यावर येत नाहीत. चहाच्या टपरीपर्यंत सोबत चालत गेले की बोलतात.

माचाळ हे लांजा तालुक्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले गाव. समोर दरीपलीकडे विशाळगड. मुचकुंद ऋषींची गुहा येथलीच मानतात, आणि मुचकुंदी नदी येथेच उगम पावून पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. पहाटे निघून आम्ही भांबेड, प्रभानवल्लीवरून खोरेगावला पोहोचलो. आता माचाळपर्यंत गाडीरस्ता झाला आहे. तरी आम्ही जुनी पायवाट धरली. जवळ दशम्या, लोणचे आणि उकळून गार केलेले पाणी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा दोघांचाही नेम असल्यामुळे परतण्याची वेळ ठरवण्यावरून वाद होण्याचे कारण नव्हते. डोंगरात हा नेम फार उपयोगी पडतो. अंधारात उतरण्याचा मोह आपोआप टळतो.

जंगलातील चढ खडा आहे. तरुण मंडळी तो तासा-दीड तासात चढतात. आम्हाला अडीच तास लागले. वाटेत एका झाडाखाली टेकलो असता त्यांनी विचारले, "साहेब, या वाटेने खरेच बैल जात असतील का हो?"

जात असत. समुद्रातून मुचकुंदीच्या खाडीने आलेला माल साटवलीला उतरे आणि तेथून लांजा, प्रभानवल्लीमार्गे विशाळगडाकडे चढे. वर मीठ, नारळ, सुपारी जाई. घाटावरून धान्य आणि गूळ खाली येई. आंबा आणि अणुस्कुरा या दोन घाटांच्या मधल्या वाटांवर नजर ठेवण्यासाठीच हा गड होता. शिवकाळात प्रभानवल्ली हे एका सुभ्याचे ठाणे होते. पुढे इंग्रजी अमदानीत आंबा घाटातून गाडीरस्ता झाला, बैलांचे तांडे संपले आणि प्रभानवल्ली नकाशावरचे एक लहान गाव होऊन राहिली. कोणी लुटली नाही, जाळली नाही. माल दुसरीकडून जाऊ लागला, एवढेच.

"म्हणजे आमच्या तिठ्यासारखेच," ते म्हणाले, आणि मग मूळ विषय निघाला.

मुलाला पालीच्या बाजूला मोठे गोदाम बांधायचे आहे. योजना वाईट नाही; मुलगा कष्टाळू आहे, हिशोबाचा चोख आहे. कर्ज ४० लाखांचे. तारणाला राहते घर द्यावयाचे. ते घर स्नेह्यांच्या आणि त्यांच्या दिवंगत भावाच्या पत्नीच्या नावावर आहे. वहिनी त्याच घराच्या मागील दोन खोल्यांत राहतात. त्यांना मूलबाळ नाही. बँकेला त्यांची सही गहाणखतावर हवी आणि जामीन म्हणूनही हवी. "सांगाल तेथे अंगठा देईन म्हणते," स्नेही म्हणाले, "म्हणूनच झोप येत नाही."

मी लगेच काही बोललो नाही. चढावर दमही लागतो.

माचाळला पोहोचल्यावर एका घराच्या ओटीवर बसलो. तेथील घरे ठेंगणी, छपरे खाली उतरलेली. पावसाळ्यातला वारा आणि धुके लक्षात घेऊनच ती बांधलेली आहेत. घरातील आजींनी ताक दिले. जुनी वाट मोडत चालल्याची हळहळ माझ्या स्नेह्यांनी व्यक्त केली, तेव्हा त्या हसल्या. आजारी माणसाला आणि अडलेल्या बाईला डोलीत घालून याच वाटेने खाली न्यावे लागे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सुट्टीच्या दिवशी हौसेने चढणाऱ्यांनी पायवाटेचे फार गोडवे गाऊ नयेत, असे माझे मत त्या ओटीवर पक्के झाले.

कड्यावरून विशाळगड समोर दिसतो. त्याचे जुने नाव खेळणा. १४५३ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन याला या रानात शिर्क्यांनी वाट दाखवतो म्हणून नेले आणि येथेच त्याच्या सैन्याचा नाश झाला. त्याचा किताब होता मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुखिया. पुढे हा प्रदेश जिंकणाऱ्या महमूद गावानलाही तोच किताब होता, आणि तो तर मुळचा खराच व्यापारी. त्याने घाई केली नाही. दम धरून एकेक ठाणे घेत खेळणा मिळवला.

मग मी त्यांना जामिनाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे समज असा की कर्जदार बुडाला, त्याचे सर्व विकून झाले, की मग जामिनदाराची पाळी येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ तसे म्हणत नाही. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर जामिनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक थेट त्याच्याकडे जाऊ शकते. खाते अनुत्पादित झाले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, गहाण मालमत्तेचा ताबा घेता येतो. वहिनींच्या दोन खोल्या त्या मालमत्तेत येतात.

आपल्या पूर्वजांची रीत या बाबतीत अधिक उघड होती. किनाऱ्यावरच्या व्यापारात जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. वाटेत बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे नुकसान. पण त्याला ते आधीच ठाऊक असे, आणि त्या जोखमीचा मोबदला तो किमतीतच वसूल करी. वहिनींना कोणता मोबदला आहे? गोदाम चालले तर नफा मुलाचा, बुडाले तर घर त्यांचे.

"पण मग मुलाने करायचे काय? तिठ्यावर बसून प्रभानवल्ली व्हायचे?"

प्रश्न रास्त होता. वाट बदलली की दुकानाने हलावेच लागते, हे मलाही मान्य आहे. पण हलताना सगळेच एका खेपेत न्यावे असे नाही. त्यांच्या एकट्याच्या नावावर पालीजवळ थोडी जमीन आहे. मालावर आणि येण्यावर कॅश क्रेडिट वाढवून मिळण्याजोगे आहे. त्यात ४० लाखांचे गोदाम होणार नाही, १५-१८ लाखांची पत्र्याची शेड होईल. दोन वर्षे ती चालवून पाहता येईल. मी आकडे काडीने मातीत लिहून दाखवले.

उतरताना गुडघे बोलू लागले. दोघेही बाजूच्या झाडांचा आधार घेत उतरलो. खाली पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. गाडीजवळच सतरंजी अंथरून उरलेल्या दशम्या खाल्ल्या. हात धुता धुता ते म्हणाले, "वहिनींचे नाव कागदावर घालायचे नाही, हे ठरले. पण मुलगा रागावेल. तुम्ही मंगळवारी घरी या, साहेब. तुमचे तो ऐकतो."

येतो म्हणालो, पण अट घातली : आधी त्यांनी स्वतः सांगायचे, आणि वहिनींच्या समोर सांगायचे. आकडे मी नंतर समजावीन.