चार हजारांची पावडर आणि कोरडी त्वचा



आमच्या घाटकोपरच्या महिला मंडळात बचत गटाचा हिशेब संपला की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुली नोकरीला लागल्या. कुणी मॉलमध्ये काउंटरवर उभी राहते, कुणी कॉल सेंटरला जाते. पहिला पगार हातात पडला की महागडी पावडर घरी येते. आया विचारतात, "ताई, एवढ्या पैशांत असे असते तरी काय?"

ऐकीव उत्तर देण्यापेक्षा वापरून पाहावे असे ठरवले. माझी भाची मॉलमधल्या अशाच एका दुकानात आहे. तिने कामगारांच्या सवलतीत एक परदेशी कॉम्पॅक्ट आणून दिली. म्हणाली, "आत्या, दोन आठवडे लाव, मग बोल."

आधी हिशेब. डबीवर किंमत 4,000 रुपये, वजन 10 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला 400 रुपये. आमच्या केमिस्टकडची साधी कॉम्पॅक्ट 225 रुपयांना 9 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 25. फरक सोळापट. भाचीचा पगार 18,000, कामाचे दिवस 26. छापील किमतीने ही डबी घ्यायची तर तिला जवळपास सहा दिवस उभे राहावे लागेल.

आता आत काय असते ते पाहू. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये मुख्य भाग शंखजिऱ्याचा, म्हणजे टाल्कचा. त्यात चकाकीसाठी अभ्रक, कधी चिनी माती, पांढरेपणासाठी टायटॅनियम किंवा जस्ताचे भस्म, आणि रंगासाठी लोहाचे ऑक्साईड. गेरूचा तांबडा रंगही त्याच लोहाचा. थोडे तेल घालून हे मिश्रण साच्यात दाबतात. महागड्या डबीत दळण अधिक बारीक असते आणि कणांवर सिलिकोनसारखा गुळगुळीत लेप देतात. हा फरक खरा आहे, बोटाला लगेच कळतो. बाकीचे पैसे डबी, आरसा, जाहिरात आणि नाव यांचे.

अभ्रकाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह भागात गरीब घरांतील मुले खाणींच्या ढिगाऱ्यातून अभ्रकाचे तुकडे वेचतात. 2016 साली तेथील बालमजुरांच्या मृत्यूंच्या बातम्या जगभर गेल्या. डबी महाग असली म्हणजे वेचणाऱ्याला जास्त मिळाले, असे समजू नये.

आता माझ्या चेहऱ्याचा अनुभव. माझी त्वचा कोरडी. चाळिशीनंतर अंगचे तेल कमी होत जाते, त्यात ऑफिसात दिवसभर एसी. पहिला आठवडा मुद्दाम नुसत्या धुतलेल्या चेहऱ्यावर पावडर लावली. सकाळी घाटकोपर स्टेशनवर छान दिसत होती. जेवणाच्या सुट्टीत आरशात पाहिले तर नाकाच्या कडेला आणि गालांवर पापुद्रे उठलेले, डोळ्यांखालच्या रेघांत पावडर साचलेली. कारण सरळ आहे. पावडरीचे काम तेल शोषण्याचे. तेलकट चेहऱ्याला ते उपयोगी, पण कोरड्या चेहऱ्यावरचे थोडेफार तेलही ती ओढून घेते.

दुसऱ्या आठवड्यात पद्धत बदलली. कोमट पाण्याने तोंड धुतले, ओलसर असतानाच साधे क्रीम चोळले, दहा मिनिटे मुरू दिले. मग उजव्या गालावर महाग पावडर, डाव्या गालावर स्वस्त. दोन्ही ब्रशने, अगदी हलक्या हाताने. स्पंजने घासून नाही. संध्याकाळी महाग बाजू थोडी मऊ दिसत होती. पण ऑफिसातल्या मैत्रिणींना कोणती बाजू कोणती ते ओळखता आले नाही. कोरड्या त्वचेला किमतीपेक्षा खालचे क्रीम अधिक कामाला येते, हे माझ्यापुरते सिद्ध झाले. थंडीत तर पावडर फक्त कपाळ आणि नाकावर पुरे.

रंगाचेही सांगते. बऱ्याच जणी आपल्या रंगापेक्षा दोन छटा उजळ पावडर घेतात. सावळ्या चेहऱ्यावर ती राखेसारखी दिसते. छटा जबड्याच्या कडेला लावून, बाहेर उजेडात येऊन पाहावी. जी दिसेनाशी होते ती आपली. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके राहायला आणि हीनपणाच्या खुणा असलेले दागिने टाकायला सांगितले. नीट दिसण्यात आपला मान आहे. गोरे दिसण्याचा हट्ट ही मात्र नवी खूणच होय. 'फेअर अँड लव्हली'ने 2020 साली नावातला 'फेअर' काढला. आपल्या घरातून तो शब्द अजून जायचा आहे. लग्नाच्या बोलणीत कान देऊन ऐका.

या हट्टाची किंमत जिवावरही येते. 2023 साली अकोल्यातील एका मुलीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला होता. अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा. म्हणून फूटपाथवर 300 रुपयांत मिळणारी 'परदेशी' डबी घेऊ नका. डबीवर बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक, आणि आयात माल असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक पाहा. यातले काही नसेल तर परत ठेवा.

मुलीला रागावू नका. तिच्या कष्टाचे पैसे आहेत, तिला हौस असू द्या. फक्त ग्रॅमचा भाव काढायला शिकवा, आणि आधी क्रीमची बाटली आणायला सांगा. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते तिलाच ठरवू द्या.