दुसऱ्या प्रमाणपत्राआधी पहिल्याचा हिशेब

आपल्या समाजातील मुले-मुली आता हिशेबाच्या उच्च शिक्षणाकडे वळू लागली आहेत. लूमच्या कारखान्यांतून, चामड्याच्या गाळ्यांतून, बेकरी आणि फर्निचरच्या दुकानांतून आलेली ही मुले सी.ए., सी.एम.ए. होत आहेत, ही आनंदाची बाब आहे. पण निकालाचे पेढे संपतात न संपतात तोच घरात नवा प्रश्न उभा राहतो : आता आणखी एक कोर्स करावा काय? मुलगा दुसऱ्या संस्थेचा फॉर्म आणतो आणि "शिक्षण कधी वाया जात नाही" असे म्हणून वडील पैसे काढून देतात. शिक्षण वाया जात नाही हे खरे. परंतु वेळ आणि भांडवल वाया जाऊ शकते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

प्रथम ही प्रमाणपत्रे कोणत्या कामाची आहेत ते पाहू. प्राप्तिकराचे ऑडिट सी.ए.च करू शकतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कॉस्ट ऑडिट कॉस्ट अकाउंटंटकडे आणि सेक्रेटरियल ऑडिट कंपनी सेक्रेटरीकडे आहे. यावरून वाटते की, दोन पदव्या म्हणजे दोन दुकाने. प्रत्यक्षात तसे नाही. दोन संस्थांचे सदस्य होता येते, पण प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र एका वेळी एकाच संस्थेचे ठेवावे लागते. म्हणजे पदव्या दोन असल्या तरी शटर एकच उघडते.

शिवाय कायद्याने दिलेले काम कायदा परतही घेतो. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला तेव्हा मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांचे ऑडिट सी.ए. किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून करून घेण्याची सक्ती होती. २०२१ च्या वित्त कायद्याने ती सक्ती गेली आणि १ ऑगस्ट २०२१ पासून व्यापाऱ्याने स्वतःच प्रमाणित केलेले पत्रक पुरेसे झाले. ज्यांनी केवळ या कामाच्या भरवशावर गणित मांडले होते, त्यांचे गणित चुकले. जे गिऱ्हाइकाचा धंदा जाणत होते, त्यांचे गिऱ्हाईक मात्र टिकले.

आता वेळेचा हिशेब. सी.एफ.ए.च्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला सुमारे ३०० तासांचा अभ्यास लागतो, असे ती संस्थाच सांगते. म्हणजे ९०० तास झाले. त्यावर किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा सनद मिळते. परीक्षा घेणारी संस्थासुद्धा अनुभवाशिवाय सनद देत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

कारखानदार दुसरा लूम केव्हा बसवतो? पहिला पूर्ण पाळ्या चालत असेल आणि मालाला गिऱ्हाईक समोर उभे असेल तेव्हा. पहिला अर्धा दिवस बंद असताना कर्ज काढून दुसरा बसवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग शिक्षणाला वेगळा न्याय का?

दुसरे प्रमाणपत्र घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ऑडिट सोडून शेअर बाजारातील गुंतवणुकीच्या विश्लेषणात जायचे असेल तर सी.एफ.ए. कामाचे आहे. कारखान्यात मालाचा पडता काढण्याचे काम हाती असेल आणि बढती त्यावर अडली असेल तर सी.एम.ए. जरूर करावे. आखातात किंवा मलेशियात इस्लामी बँकेत काम करायचे असेल तर बहरीनच्या आयोफी या संस्थेची प्रमाणपत्रे आहेत. मात्र भारतात अशी बँकिंग सुरू करण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. ज्याला महाराष्ट्रातच राहायचे आहे त्याने हे ध्यानात ठेवूनच पैसे भरावेत.

"स्पर्धा फार आहे, एका पदवीवर कोण विचारतो?" असे मुले म्हणतात. पण आपल्याच मोहल्ल्यात काम पडून आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान कारागिराचे पैसे करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, देणाऱ्याला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. माल तयार करणाऱ्याला हे संरक्षण आहे, नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला नाही. हा फरक किती कारागिरांना ठाऊक आहे? तो समजावून सांगणारा, थकलेले बिल वसूल करून देणारा हिशेबनीस एका पदवीवरही उपाशी राहणार नाही.

म्हणून पालकांनी फी भरण्याआधी मुलाला तीन गोष्टी कागदावर लिहून द्यायला सांगाव्यात : या प्रमाणपत्राने आज अडलेले कोणते काम सुटेल, ते काम कोण देणार, आणि तोवर घरखर्च कसा चालणार. तिन्ही उत्तरे नेमकी आली तर आनंदाने पैसे द्यावेत. नाही आली तर दोन-तीन वर्षे पहिल्या पदवीवर मेहनत करू द्यावी. परीक्षा कुठे जात नाहीत; कमाईची उमेदीची वर्षे मात्र परत येत नाहीत.