ओसरीवरच्या गोष्टी : घर कुणाच्या नावावर?



सुगी आटोपली की घराघरांत एक बोलणे हमखास निघते. कापूस विकलेला असतो, सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, उसाचे बिल जमा व्हायचे असते. रात्री जेवणे होतात, भांडी घासून पालथी पडतात आणि घरची लक्ष्मी हळूच म्हणते, "अहो, यंदा घराचं काहीतरी बघा. मागची भिंत पुढचा पावसाळा काढील असं वाटत नाही." घरधनी म्हणतो, "बघू गं. शेजारचं आप्पांचं घर विकायचं म्हणतात. तेच घेऊन टाकू."

'घेऊन टाकू' म्हणायला सोपे. बैल घेतानाही आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. घर मात्र ओट्यावर बसून, चहाच्या दोन कपांत घेऊन टाकतो. म्हणून आज त्यावरच बोलू.

ओळखीतले एक घर आहे. नावगाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण तुमच्या गावातही असे एखादे घर असेलच.

नवरा-बायको, दोन मुले, म्हातारी सासू आणि तीन एकर कोरडवाहू जमीन. भावकीतल्या चुलत्याचे गावठाणातले दोन खणांचे घर विकायला निघाले. चुलत्याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या, तिघी आपापल्या सासरी. सौदा ठरला. शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून झाले, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, चुलत्याने अंगठा दिला. पैसे थोडे कमी पडत होते, तेव्हा बायकोने माहेरच्या पाटल्या काढून दिल्या. पुढल्या वर्षी जुने पत्रे उतरवून वर स्लॅब टाकला. अकरा वर्षे बिनचूक घरपट्टी भरली. पावत्या तारेला टोचून ठेवल्या. 'घरपट्टी आपण भरतो, म्हणजे घर आपलेच', असे सगळेच धरून चालले होते.

पुढे चुलते वारले. त्यानंतर वर्ष झाले नाही तोच घरधनीही अचानक गेला. तेरावे झाले आणि वहिनी घराला आपले नाव लावायला ग्रामपंचायतीत गेल्या. तिथे दप्तर उघडले तर काय? नमुना आठला अजून चुलत्याचेच नाव! तारेला टोचलेल्या पावत्या नीट बघितल्या, तर त्याही चुलत्याच्याच नावाच्या. अकरा वर्षे पैसे यांनी भरले, नाव मात्र त्यांचेच राहिले. पाटल्या गेल्या, धनी गेला आणि डोक्यावरचा स्लॅबही कागदावर दुसऱ्याचा.

त्या दिवाळीला चुलत्याच्या तिघी लेकी आल्या. थोरली म्हणाली, "वहिनी, आमच्या बापानं पैसे घेतले हे आम्ही नाकारत नाही. पण जन्म आमचा या घरातला. विकताना आम्हांला कुणी एका शब्दानं तरी विचारलं का?"

वाचकहो, तिचे काय चुकले? तिघींना नावे ठेवणारे गावात पुष्कळ निघाले. पण कायदा त्यांच्या बाजूने होता, आणि मनाला विचारले तर न्यायही काही त्यांच्या विरुद्ध नव्हता. शेवटी मधे वडीलधारी माणसे पडली. दोन वर्षे गेली. वहिनींनी एक म्हैस विकून तिघींना थोडी थोडी रक्कम दिली, साडीचोळी केली आणि तिघींनी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येऊन रीतसर खरेदीखत करून दिले. या वेळी खरेदीखत वहिनींच्या नावाने झाले. एकाच घराची किंमत दोनदा मोजली, एवढे मात्र खरे.

आता यातून आपण काय घ्यायचे ते एकेक करून बघू.

पहिली गोष्ट स्टँपपेपरची. स्टँपवर लिहिले, नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे घर विकत घेतले असे होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या खतानेच होते, हा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आला आहे. आज शंभर रुपयांत घराचा एक पत्राही येत नाही. म्हणजे घर कितीही लहान असो, खत नोंदवलेच पाहिजे. काही जण कुलमुखत्यारपत्र करून घर ताब्यात घेतात आणि निश्चिंत होतात. तशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी हे मार्ग धरतात, पण वहिनींचा हिशोब आठवा. वाचले ते किती आणि गेले ते किती?

दुसरी गोष्ट घरपट्टीची. नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची, हे ती सांगते. मालक कोण, याचा तो पक्का पुरावा नव्हे. घर घेतल्यावर खरेदीखताची नक्कल देऊन तिथे नाव बदलून घ्या, आणि पावती हातात पडली की त्यावरचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. ती खुशीने वाचील.

गावठाणातल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या धड कागदच नव्हता. शेताला सातबारा आणि घराला काहीच नाही, अशी आपली गत. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाण मोजतात आणि घराघराची मिळकत पत्रिका तयार करतात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर कुणाचे नाव चढले आहे ते भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन बघा. मोजणी व्हायची असेल, तर त्या दिवशी नवरा-बायको दोघांनी घरी थांबा. खुरपणी एक दिवस पुढे गेली तर चालते, पण हद्द चुकली की ती नातवंडांपर्यंत निस्तरावी लागते.

तिसरी गोष्ट विकणाऱ्याच्या घरातल्या माणसांची. घर घेताना विकणाऱ्याला विचारायचे, "दादा, हे घर तुम्ही स्वतः घेतलेलं, का वाडवडिलांचं?" वडिलोपार्जित असेल, तर बहिणी किती, लेकी किती, कुठे कुठे दिल्या, हे सारे विचारा. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. बाप त्या दिवशी हयात नसला तरी तिचा हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. पूर्वी आणखी एक अडसर होता. घरातले पुरुष वारस वाटणी करीपर्यंत लेकींना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. तो अडसरही २००५ सालीच निघाला. 'दिल्या घरी सुखी आहे, तिला कशाला विचारायचं?' हे बोलणे आता कागदावर टिकत नाही. लेकी-बहिणींना मानाने बोलवा आणि खतावर त्यांच्या सह्या घ्या. एका दिवसाच्या गाडीभाड्याने पुढची कोर्टकचेरी टळते. तसेच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या. घर गहाण आहे का, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, तेही विचारा. गावठाणाबाहेर शेतातले दोन गुंठे घेऊन घर बांधायचे असेल, तर बिनशेती आणि तुकडेबंदीचे नियम आधी तहसील कचेरीत समजून घ्या आणि मगच विसार द्या.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी. घर कुणाच्या नावावर?

आपल्याकडे समजूत अशी, की नवऱ्याचे ते बायकोचेच, वेगळे नाव कशाला? बाई दारात रांगोळी काढते, भिंती सारवते, गळके कौल तिलाच आधी दिसते. घर म्हटले की तीच डोळ्यांपुढे येते. पण दप्तरात ती कुठेच नसते. नवरा गेला की घर आपोआप एकट्या बायकोचे होते, असेही अनेकींना वाटते. तसे होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुले, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. घरात गोडी असेल तर प्रश्न नाही. गोडी नसेल, तर त्याच घरात विधवेला कोपरा मागण्याची वेळ येते.

ही जाण आपल्या गावांत नवी नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली होती. नवऱ्याने आपल्या राजीखुशीने जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, तर तिच्या कष्टाचे देणे म्हणून. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभराहून जास्त कुटुंबांनी हे केले. पुढे सरकारनेही 'घर दोघांचे' म्हणून २००३ साली निर्णय काढला, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराला नवरा-बायको दोघांचे नाव लावावे. या नोंदीला काही मोठा खर्च नाही. नमुना आठला नाव लागले म्हणजे खरेदीखत झाले असे नव्हे, पण दप्तरात बाईचे नाव येते आणि घर परस्पर विकायला निघणाऱ्याला चार प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. तेवढा आधारही वेळेला थोडा नसतो.

नवे घर विकत घेत असाल तर आणखी एक सोय आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहते घर केवळ बाईच्या नावाने घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. खतात नवऱ्याचे नाव जोडीला घातले की ही सवलत नाही. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, अशी एक अट आधी होती, तीही २०२३ साली काढून टाकली. एकट्या बायकोचे नाव लावायचे की दोघांचे, हे ज्याने त्याने घरात बसून ठरवावे. तिचे नावच नाही, असे मात्र करू नये.

आता पैशाबद्दल दोन शब्द. घरासाठी जमीन विकू नका. घर माणसाला झोप देते, पण भाकरी जमीनच देते. व्याजाने काढायचेच असेल, तर हप्ता कुठल्या पिकातून जाणार हे आधी ठरवा, आणि एक वर्ष पाऊस दगा देणार हे धरूनच ठरवा.

ज्यांचे नाव घरकुलाच्या यादीत आहे, त्यांना प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही काम पुढे सरकेल तसे हप्त्याने. या योजनेत घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट असावे लागते. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासी कुटुंबांसाठी शबरी आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ सालापासून मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. जागाच नसलेल्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते. प्रधानमंत्री आवासचे घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावाने द्यावे, असा नियमच आहे. विधुर, अविवाहित किंवा वेगळे राहणारे, एवढाच त्याला अपवाद. अर्ज भरताना हे लक्षात ठेवा आणि आजचे आकडे पंचायत समितीत विचारून घ्या.

घरकुलाची कामे अडतात ती बहुतेक एकाच जागी. मंजुरी मिळाली की उत्साहाने जोते मोठे घालतात. "एकदाच बांधायचंय, होऊ दे चार खोल्यांचं!" मग पैसे जोत्यातच मुरतात, भिंती छातीपर्यंत येऊन थांबतात आणि कुटुंब दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढते. त्यापेक्षा एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास एवढे आधी पुरे करा. जिन्याला जागा सोडा. स्लॅबवर गज वर काढून ठेवा, पण ते गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटच्या पाण्याचा हात द्या. पुढची खोली पुढच्या सुगीला. लहानसे पुरे झालेले घर मोठ्या अर्धवट घरापेक्षा लाख पटीने बरे.

त्या वहिनींकडे मागच्या महिन्यात जाणे झाले. घर तेच, दोन खणांचे. थोरली नणंद माहेरपणाला आली होती आणि दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हटले, "आता बरं चाललंय ना?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "घर तर आधीपण होतंच की. आता झोप लागते."

आज रात्री जेवणे झाली की ट्रंक उघडा. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घराचा कागद असेल तो बाहेर काढा आणि नवरा-बायकोने एकत्र बसून त्यावरचे नाव वाचा. आजोबांचे नाव निघाले, तर वारस लावून घ्या. विकणाऱ्याचे निघाले, तर तो हयात आहे तोवर खरेदीखत करून घ्या. घरधन्याचे एकट्याचे निघाले, तर त्याच्या शेजारी दुसरे नाव कुणाचे लावायचे, हे मी सांगायला नकोच.