बांधाची पाळी कोणाची?

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी किंवा रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या मुखाकडे जी खारभूमीतील भातशेती दिसते, ती निसर्गाची देणगी नव्हे. माणसांनी मातीचे बांध घालून समुद्राच्या तोंडून काढलेली ती जमीन आहे. बांध एकदा घातला म्हणजे काम संपत नाही. खेकडे बिळे पाडतात, उधाणाची भरती माती ओढून नेते, उघाडी नीट मिटली नाही तर खारे पाणी आत शिरते. आज बोटाएवढे असलेले भोक उद्या खांड होते, आणि मग कोणाचे शेत मोठे व कोणाचे लहान हे पाणी विचारीत नाही. म्हणूनच पूर्वी येथील शेतकरी 'जोळ' पद्धतीने, सामुदायिक श्रमांतून, बांध राखीत असत. पुढे १९४८ साली मुंबई राज्याने व १९७९ साली महाराष्ट्राने खार जमिनींसाठी कायदे केले. सरकारी जबाबदारी आवश्यकच होती. परंतु बांधाला पडलेले भोक सर्वांआधी त्यावरून रोज चालणाऱ्यालाच दिसते, हे सत्य कोणत्याही कायद्याने बदलत नाही.

ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की, आजच्या जगाच्या व्यवहारामागे असाच एक सामायिक बांध उभा आहे. त्याचे नाव मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ज्याची संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी आणि पुढे द्यावी, असे हे सॉफ्टवेअर होय. बँका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, मोबाइल या साऱ्यांत ते आहे. मक्तेदारीच्या युगात लाखो लोकांनी मिळून सामायिक मालमत्ता उभी केली, ही समाजवाद्यांना आनंद वाटावा अशीच गोष्ट. परंतु अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे एक जुनाच प्रश्न दिसतो. नवी सुविधा घडविणाऱ्याचे नाव होते. ती नीट चालते की नाही हे रोज तपासणाऱ्याचे आणि ती कशी चालते हे लिहून ठेवणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते.

एक मराठी उदाहरण घेऊ. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. पहिल्या शब्दात रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यात अर्धा र आडव्या चिन्हाने 'य'ला जोडला जातो. आपल्या अँड्रॉइड मोबाइलवर ही अक्षरे जोडण्याचे काम 'हार्फबझ' नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करते. त्यात स्वयंचलित चाचण्यांचा मोठा संच आहे. अमुक मजकूर दिला असता कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने उमटाव्यात, हे आधीच लिहून ठेवलेले असते. संहितेत बदल झाला की यंत्र अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांचा ताळा घेते. अरबी वा थाई लिपीसाठी केलेल्या दुरुस्तीने आपली 'दऱ्या' बुजली, तर ती ताबडतोब कळावी, एवढाच त्याचा हेतू. बांधावरून घातलेली ही रोजची फेरी आहे.

लेखी माहितीचे महत्त्वही तेवढेच. युनिकोड मानकात या आडव्या र चा नियम मराठीचे नाव घेऊन नोंदलेला आहे. त्यामुळे मराठीतले ओ की ठो न कळणारा परदेशी प्रोग्रामरही आपली लिपी योग्य दाखवू शकतो. ती नोंद नसती तर हे ज्ञान दोनचार जाणकारांच्या डोक्यात राहिले असते आणि त्यांच्याबरोबर संपले असते. ज्ञान लिहून न ठेवणे हीदेखील एक मक्तेदारीच असते, मग ती हेतुपुरस्सर असो वा नसो.

या कामाची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, हे २९ मार्च २०२४ रोजी जगाने पाहिले. 'एक्सझेड' या लहानशा पण असंख्य संगणकांत असलेल्या सॉफ्टवेअरचा भार प्रामुख्याने एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून आलेल्या एकाने दोनहून अधिक वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि परक्या संगणकांत शिरण्याची चोरवाट त्यात पेरली. ती लपविली कोठे? चाचण्यांसाठी ठेवलेल्या फायलींत! जेथे कोणी पाहत नाही, तेथेच भोक पडले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले आणि त्याने माग काढला, म्हणून खांड पडता पडता वाचली. सामायिक मालमत्ता अशी एखाद्याच्या जागरूकतेवर आणि दैवावर सोडावयाची काय?

कोणी म्हणेल, बड्या कंपन्या यांपैकी अनेक प्रकल्पांना पैसा व माणसे देतात, मग चिंता कशाची? देतात, हे खरे. पण कंपनी आपल्या शेतासमोरचा बांध आधी पाहणार. मराठीच्या अर्ध्या र ची राखण तिच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात सदैव बसेलच, याची हमी कोण देणार? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच विषयावरील संशोधनासाठी. सामायिक मालमत्ता नाश पावणे अटळ नाही. वापरणारे स्वतः नियम ठरवितात, राखणीचा भार वाटून घेतात, तेव्हा ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या खारभूमीतील शेतकऱ्याला हे नोबेलविनाही ठाऊक होते.

भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. वापराच्या हक्काबरोबर राखणीचे कर्तव्यही येते. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी उभारला आहे. महाराष्ट्र शासनानेही आपल्या संगणकीय कंत्राटांतील काही वाटा चाचण्या व लेखी माहिती यांसाठी राखून ते काम मूळ प्रकल्पांना परत द्यावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील व अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्याने एखाद्या प्रकल्पाला पन्नास मराठी शब्दांच्या चाचण्या जोडल्या किंवा त्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहिली, तर त्याला गुण मिळाले पाहिजेत. आणि मोबाइलवर एखादा मराठी शब्द मोडका दिसला, तर आपल्या कार्यकर्त्याने हळहळून न थांबता तो नोंदवून एखाद्या जाणत्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.

फुकट मिळालेले सॉफ्टवेअर श्रमांवाचून मिळालेले नसते. ते श्रम कोणी तरी, बहुधा मोबदल्याविना, केलेले असतात. श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या चळवळीने तरी या अदृश्य श्रमिकाकडे पाठ फिरवू नये. बांधाच्या आत आपण सारेच राहतो. तेव्हा पाळीही आपलीच आहे.