झाड वांझ नाही, आजारी आहे

परवा फुलंब्रीकडं गावी गेलो, तर बांधावरच्या गावरान आंब्याखाली लाकूडवाला उभा. झाड आजोबांच्या वेळचं. चुलते म्हणाले, "बापू, तीन सालं झाली, नुसता मोहोर. फळ नाही. वांझ झालंय, देऊन टाकू."

वर बघितलं. शेंड्याशेंड्याला फुलकोबीच्या गड्ड्यासारखे गच्च हिरवे गुच्छ. मागच्या सालचे काळे पडून तसेच लटकलेले.

ही मोहोराची विकृती. फ्युजारियम जातीची बुरशी कळीत शिरते. मोहोराचे दांडे आखूड आणि जाड होतात, फुलं बहुतेक नर निघतात. मग फळ धरणार कुठून? झाडाला दोष देऊन आपण मोकळे!

हा रोग काही कालचा नाही. 1891 साली बिहारच्या दरभंग्यातून त्याची नोंद झालेली आहे. कोळी कीड, विषाणू, बुरशी असा वाद कित्येक वर्षं चालला. या बुरशीला फ्युजारियम मँगिफेरी हे नाव मिळालं 2002 साली. पुढं मेक्सिको, ब्राझीलमध्ये त्याच रोगामागं फ्युजारियमच्या वेगळ्या प्रजाती निघाल्या. दक्षिण आफ्रिकेत तर जांभळाच्या नात्यातल्या एका देशी झाडाच्या विकृत फुलांतही फ्युजारियमच्या बऱ्याच प्रजाती सापडल्या. म्हणजे लक्षण एक, पण चोर अनेक.

आणि आपल्याकडं? मी गुच्छ घेऊन एका कृषी दुकानात गेलो. नीट न बघताच तीन बाटल्या समोर. त्यातली एक 'टॉनिक'ची! तपासणीचं नावच नाही.

आपल्या शहरात हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे. विद्यापीठात वनस्पतीशास्त्र विभाग आहे. अभ्यासक आहेत. नाही ती आपली मागणी. पावसाळ्यात किती रोपं लावली याचे फलक लागतात, पण उभ्या झाडांच्या आजाराचं सर्वेक्षण कुणी मागितलंय का? 'मराठवाडा केसर'चं भौगोलिक मानांकन मिरवतो आपण. पण हा रोग कलमाच्या काडीतून पसरतो. मग रोपवाटिकेतलं मातृवृक्ष निरोगी आहे का, हे कलम घेताना विचारायला नको?

माझं म्हणणं एवढंच: जिल्ह्यातल्या आंब्याची मोहोरात पाहणी करा, गुच्छांतली बुरशी प्रयोगशाळेत ओळखा आणि निष्कर्ष मराठीत गावोगावी पोचवा.

तोवर आपण काय करायचं? गुच्छ खालच्या अर्धा फूट चांगल्या फांदीसकट कापा आणि जाळा. झाडाखाली टाकू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटनं पुसा. अशा झाडाची काडी कलमाला घेऊ नका. एका सालात जादू होणार नाही, दरसाल करावं लागेल.

चुलत्यांनी लाकूडवाल्याला परत पाठवलंय. दोन सालांची मुदत दिलीय, झाडाला आणि मलाही.

तुमच्या बांधावर असे गुच्छ असतील तर फोटो आणि गावाचं नाव खाली टाका. यादी करून निवेदन देऊ. कुऱ्हाड लावायच्या आधी एकदा वर बघा, राव.