हसण्यासाठीं काढलेलें चित्र

गेल्या दिवाळींत गोंदियाच्या आमच्या घरीं सारीं भावंडें जमलीं असतां बिरसीच्या धावपट्टीवरून लढाईच्या गोष्टी निघाल्या. ती इंग्रजांनीं १९४० सालीं युद्धासाठीं बांधली, हें मुलांस ठाऊक होतें; पण विमानांतून बाँबप्रमाणें कागदही टाकीत, हें नवें होतें. एका पुतण्यानें लागलीच फोनवर असें एक पत्रक शोधून काढलें. १९४४ च्या सुमारास इटलींत जर्मनांनीं अमेरिकन सैनिकांसाठीं टाकलेलें. सैनिकाची मागें राहिलेली वाग्दत्त वधू, आणि तिला भुलविणारा सॅम लेव्ही. लढाईवर गबर झालेला, ठराविक बांकदार नाकाचा यहुदी. मुलें खदखदां हसलीं. खरें सांगावयाचें तर आम्हीही हसलों.

पत्रकाचें सारें कसब त्या हसण्यांतच आहे. त्यांत युक्तिवाद नाहीं कीं आंकडा नाहीं. सैनिकाच्या मनांतली घरची ओढ हेरावी आणि तिच्या आड एक नाक उभें करावें, एवढेंच! वस्तुतः त्या युद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत सुमारें ५,५०,००० यहुदी होते. पण हें सांगेपर्यंत पाहणारा हसून मोकळा झालेला असतो. जर्मनींत असलींच चित्रें वर्षानुवर्षें छापणाऱ्या यूलियस स्ट्राइखर या संपादकास १९४६ सालीं न्यूरेंबर्ग येथें फांशीं दिलें. स्वहस्तें कोणास मारल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता.

आमच्या काकू मात्र हसल्या नाहींत. त्यांचें माहेर अलिबागचें. त्या म्हणाल्या, "अरे, आमचे शनवार तेली कुठें असे दिसतात?"

कोंकणांतले हे बेने इस्राएल तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस तें नांव पडलें. आडनांवें पेणकर, रोहेकर, केहिमकर; घरची भाषा आपलीच मराठी. त्याच कुलाबा जिल्ह्यांतले, म्हणजे आजच्या रायगडांतले, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींतच धारातीर्थीं पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांच्या मुलखांत यहुदी म्हणजे घाण्यावरचा शेजारी होता. असल्या शेजाऱ्याचें नाक कोणी मोजीत बसत नाहीं.

आम्ही हें मुलांस समजावून सांगत होतों, तोंच काकूंनीं पुतण्यास विचारलें, "गणपतींतल्या नाटकांत तूं सावकार झालास ना रे? तेव्हां पोटाला उशी कोणी बांधली? आणि मारवाड्यासारखें हेल काढून बोलायला कोणी शिकविलें?"

शिकविलें आम्हींच होतें. उशीही आमचीच.